घरटी एक माणूस

आमच्या गावामागच्या गडाची वाट सोपी आहे असं सगळे म्हणतात. रोह्याला गाडीतून उतरायचं, रिक्षा करून गावात यायचं, मारुतीच्या देवळामागून रानात शिरायचं आणि सावलीसावलीने वर जायचं. लहान पोरं चढतात, साठी उलटलेली माणसं चढतात. मध्ये रानात वीरगळ बघायला मिळतात, वर दरवाज्यावर कोरलेला सिंहासारखा प्राणी आहे, दगडात बांधलेलं टाकं आहे, काठाला छोटासा महादेव आहे. डबा खायचा, फोटो काढायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. मी हे ऐकून घेते आणि गप्प बसते. वाट सोपी आहे हे खरंच आहे. ती सोपी कशी होते हे कुणी विचारत नाही, आणि सांगायला गेलं तर मलाच दम लागतो.

पावसाळ्यात ती वाट नसतेच. जूनमध्ये रान तिच्यावर जे चढतं ते दिवाळीपर्यंत उतरत नाही. कारवी डोक्याच्या वर जाते, घाणेरी दोन्ही बाजूंनी मिठ्या मारते, एखादं किंजळीचं झाड मुळासकट आडवं झालेलं असतं. थंडीत हे सगळं वाळून कडक होतं आणि गवताची कुसळं कपड्यात शिरायला टपून बसतात. मग पौष सरत आला की गाव ती वाट पुन्हा काढतं. दर रविवारी थोडी थोडी, महाशिवरात्रीच्या आत थेट टाक्यापर्यंत.

नियम एकच होता. घरटी एक माणूस. प्रत्येक घराचा टप्पा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला, आपल्या टप्प्यातलं रान आपणच तोडायचं. माणूस घरचाच हवा, रोजावर लावलेला गडी चालत नसे. शिवरात्रीला सगळा गाव त्या वाटेने अनवाणी वर जायचा आणि महादेवासमोर एकेका घराचं नाव पुकारलं जायचं. नाव आलं की त्या घराच्या माणसाने नारळ पुढे करायचा, तो फुटायचा, एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, देवाला आणि दुसरी घरी. ज्या घराने टप्पा काढला नाही त्याचं नाव पुकारत नसत. दंड नाही, भांडण नाही, कुणी तोंडावर एक शब्द बोलत नसे. नुसतं नाव घ्यायचं नाही. मग गावात म्हणायचे, त्यांचं घर बंद झालं. आत माणसं जेवत असोत, खोकत असोत, चूल पेटवत असोत, घर बंद ते बंद.

मी सांगते आहे ती गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. त्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांवरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अर्ध्या ओठातून यायला लागलं. घरात आम्ही दोघंच. आई मी लहान असताना गेली होती. मोठी बहीण हमरापूरला दिलेली, सासरी गणपतींचा कारखाना. गणपती भाद्रपदात येतात असं जगाला वाटतं, तिच्या घरात ते बाराही महिने असायचे. माती, साचे, वाळवण, रंग. तिला मान वर करायला फुरसत नव्हती आणि मला तिच्यावर रागवायला.

मी रोह्याजवळ एका कंपनीत पॅकिंगला होते. रंगाची पावडर पिशव्यांत भरायची, पिशव्या शिवायच्या, ड्रममध्ये उतरवायच्या. ज्या रंगाची बॅच चालू असेल त्या रंगाचे हात. पहिली शिफ्ट असली की अंधारात उठायचं, भात-आमटी करून ठेवायची, बाबांना पुसायचं, धोतर बदलायचं, पेज भरवायची आणि पळत एसटी गाठायची. संध्याकाळी परत आलं की हेच सगळं उलट्या क्रमाने. एकदा येताना एसटीत डोळा लागला तो नागोठण्याला उघडला. मग नागोठण्याहून उलटी गाडी. घरी आले तेव्हा बाबा दाराकडे डोळे लावून पडले होते, आणि मला पहिला विचार आला तो हा, की आता यांना समजावून सांगण्याइतकं बोलावं लागणार. रोह्याला लागूनच्या वरसेला तेव्हा नवीन बिल्डिंगा उठत होत्या. पॅकिंगमधली एक मैत्रीण तिथे राहायची, कंपनीपासून चालत. मी तिच्या चालत येण्याचा हेवा करायचे. माणूस दमला की त्याचे हेवे किती लहान होतात.

दुपारचं बाबांना बघायची शेजारची काकू. म्हणजे बाबांच्या सख्ख्या चुलतभावाची बायको. ह्या भावाशी, आमच्या काकांशी, बाबांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. काकांनी कुंपण घालताना ते हातभर आमच्या अंगणात सरकवलं असं बाबांचं म्हणणं, आणि हातभर काय, बोटभरसुद्धा सरकवलं नाही असं काकांचं. मी मध्ये एकदा म्हटलं होतं, मोजून टाका एकदाचं. तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देव विकायला काढला. काकू मात्र त्याच कुंपणातल्या फटीतून येऊन बाबांना पाणी पाजायची, पाय हलवून द्यायची आणि काका घरी यायच्या आत परत जायची.

पौष संपताना गावकीचा सांगावा आला. आता रविवारपासून वाट काढायची. माणूस दारातून ओरडून पुढे गेला आणि बाबांचा चेहरा बदलला. डाव्या हाताने त्यांनी पांघरूण बाजूला सारलं, जणू उठून निघणारच आहेत. मग ते तसेच राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकाच डोळ्यातून म्हणायचं, कारण दुसरा तर तेव्हा सारखाच गळत असायचा.

"आपला टप्पा," ते म्हणाले.

"बाबा, एक वर्ष राहू दे. आजारी माणसाला देव पण माफ करतो."

"देव करंल. नाव नाय ना घ्येनार."

मी म्हटलं, काकांना सांगू का, त्यांचा टप्पा आपल्या खालचाच आहे, पुढचं पण तोडतील. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. अर्धं अंग गेलेल्या माणसाला तोंड फिरवायला केवढे कष्ट पडतात ते मी रोज बघत होते, म्हणून त्या फिरवण्याचा अर्थ मला नीट कळला. काकांकडे टप्पा गेला की घर त्यांच्या घरात मिळालं. एक नाव, एक नारळ. बाबांच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी तोडलेला टप्पा बाबांच्या हातून भावकीत गेला असता, तोही त्या भावाकडे.

"मग मी जाते," मी म्हटलं. रागानेच म्हटलं. ते भिंतीकडे बघत होते. नाय म्हणाले नाहीत.

वाट काढणाऱ्यांत बाईमाणूस कधी गेलेलं नव्हतं. बायका भाकरी घेऊन जायच्या, सरपणाला जायच्या, शिवरात्रीला जायच्या. म्हणून गावकीतल्या ज्या म्हाताऱ्यांच्या शब्दावर सगळं चालायचं त्यांना विचारायला गेले. ते अंगणात वाल सोलत बसले होते. त्यांनी बराच वेळ वालच सोलले.

"टप्पा साफ झाला पायजे," शेवटी म्हणाले. "कोन करतं त्ये रान बघत नाय."

"आणि नारळ?"

"नारलाचं वरती गेल्यावर बघू."

म्हणजे काम करायला परवानगी आणि नावाचं अधांतरी. मला मनातून संताप आला, पण संतापायलाही जोर लागतो. मी हो म्हणून घरी आले आणि बाबांचा कोयता घासायला बसले.

आमचा टप्पा वीरगळांपासून वरच्या कातळापर्यंत. त्या जागेचं शहरातल्या लोकांना फार कौतुक. ऐनाच्या झाडांखाली दगड उभे आहेत, काही कलंडलेले, काही अर्धे जमिनीत. प्रत्येकावर तीन-चार चौकटी. खालच्या चौकटीत माणूस लढताना मरून पडलेला असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून वर नेतात, सगळ्यात वर तो महादेवासमोर हात जोडून बसलेला. आमच्याकडे त्यांना नुसतं वीर म्हणतात. कुठल्या लढाईतले, कुणाच्या बाजूचे, कुणालाच ठाऊक नाही. मला त्यातली मधली चौकट आवडायची, कारण तिथे त्याला स्वतः चालावं लागत नाही.

पहिल्या रविवारी मी कमरेला आकडी बांधली, म्हणजे कोयता अडकवायची ती लाकडी आकडी, आणि पुरुषांच्या मागोमाग चढले. कुणी अडवलं नाही. काका त्यांच्या टप्प्यावर थांबले, मी त्यांच्या पुढे गेले. दिवसभर माझ्या खालून त्यांच्या कोयत्याचा आवाज येत होता आणि माझ्या वरून दुसऱ्या कुणाच्या. मी अशी काही तोडत सुटले की विचारू नका. आठवडाभराचा राग होता, तो कामाला आला. संध्याकाळी मागे वळून बघितलं तर बरीच वाट मोकळी दिसत होती, आणि खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खुंट कवडा ठ्येवलास?"

मी हात करून दाखवला. घोट्याच्या वर, वीतभर.

त्यांनी डोळे मिटले. मग मला कळलं काय झालं ते. आम्ही बायका सरपणासाठी कारवी तोडतो ती अशीच, वरून, तिरकी, म्हणजे बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. हात त्याच सवयीने चालला होता. सरपणाला ते बरोबर. पण ह्या वाटेने शिवरात्रीला गाव अनवाणी जातो. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मी त्यांच्यासाठी वाटभर सुळे रोवून आले होते.

"जमिनीबराबर," बाबा म्हणाले. "मातीत. पायाला लागता कामा नये." आणि डाव्या हाताचं बोट त्यांनी अंथरुणावर सपाट फिरवून दाखवलं, तीन-तीनदा. पुढचे सगळे दिवस हे चाललं. मी भरवायला बसले की ते घास बाजूला करून विचारायचे, वळणावरची काट्यांची चिल्हार काढलीस का, कातळाखालचा दगड हलतो तो बसवलास का. मी एकदा म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकताय बाबा." ते अर्ध्या तोंडाने हसले. आजारपणानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा बघितलं.

तर दुसरा रविवार पहिल्या रविवारचं काम पुसण्यात गेला. वाकून, उकिडवं बसून, एकेक खुंट मातीलगत. सकाळपासून पाठ सरळ झाली नाही. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून वेलीवरच्या खाजकुइलीच्या शेंगा अंगावर झडल्या. ज्याला ती लागली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला लागली नाही त्याला सांगून उपयोग नाही. मी शेण चोळलं, माती चोळली, एका झाडाला पाठ घासली. नेमकी तेव्हाच एक मंडळी वाटेने वर आली. दहा-बारा जण, टोप्या, पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे. त्यांतल्या एका बाईंनी वीरगळाशेजारी पोरांना उभं करून फोटो काढला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "किती सोपा ट्रेक आहे नाही? पुढच्या वेळी आईंना पण आणू." मग मला बघून विचारलं, "पुढे पण अशीच चांगली वाट आहे ना?"

मी त्यांच्यापुढे वाट मोकळी करत उकिडवी बसलेली. शेणाने माखलेली. "इथपर्यंत आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत केली. मग पुढच्या कारवीत शिरून आरडाओरडा करत परत आल्या आणि वीरगळांपाशी बसून सगळ्यांनी डबे खाल्ले. चांगली माणसं होती. मला पण एक मेथीची पोळी दिली. मी ती खाल्ली आणि पुन्हा खाली बसले.

त्या दिवसांत दमणं म्हणजे काय ते मला कळलं. कंपनीत शिवणाची मशीन चालवताना हात आपोआप चालायचे आणि मी कुठेच नसायचे. सुपरवायझर दोनदा ओरडले. एकदा पिशवीबरोबर हातमोज्याचं टोक शिवलं गेलं. घरी बाबांचं अंग पुसताना मला त्यांचं वजन पहिल्यापेक्षा जास्त वाटायचं, वास्तविक ते रोज हलके होत होते. नारळाचं मला काही पडलेलं नव्हतं. खरंच नव्हतं. घर बंद झालं काय आणि उघडं राहिलं काय, पहाटे उठायचं ते मलाच होतं. पण बाबांना त्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "माजं आता काय ऱ्हायलंय गो. येकदा आपलं नाव वरती घेतलं म्हंजे झालं." मी म्हटलं, "घेतील." आणि मनात आलं, यंदा घेतलं तर पुढच्या वर्षी पण मीच, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पण. जन्मठेपच की. हे बाबांना सांगायची सोय नव्हती.

शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी टप्पा पूर्ण झाला. कातळाखालचा तो हलणारा दगडसुद्धा मी बसवला, वरून नाचून बघितलं. गावकीतले म्हातारे शेवटची नजर टाकत वर आले, माझ्या टप्प्यात मुद्दाम चपला काढून चालले. कातळापाशी थांबून तळपाय उलटा करून बघितला. मग चपला हातातच ठेवून पुढे गेले. मला तेवढं पुरलं.

शिवरात्रीच्या पहाटे मी बाबांना अंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं. नारळ त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो जरा वेळ पोटावर धरून ठेवला आणि मग माझ्याकडे दिला. "जा," म्हणाले. काकू त्यांच्यापाशी बसायला आली होती, तिचा उपास होता आणि गुडघे दुखत होते, म्हणून ती वर येणार नव्हती. मी निघाले.

पळस फुलला होता. वाट खालपासून वरपर्यंत स्वच्छ, आणि तिच्यावरून सगळा गाव अनवाणी चाललेला. आमच्या टप्प्यात मी मागे राहिले आणि लोकांचे पाय बघत राहिले. कुणी ठेचकाळलं नाही, कुणी खाली बघितलं नाही. एक म्हातारी तर गात गात गेली. वाट चांगली असली की कुणाचं तिच्याकडे लक्षच जात नाही, आणि मला त्याचं त्या दिवशी वाईट वाटलं नाही. वर टाक्याचं पाणी हिरवं होतं. माणसं महादेवासमोर दाटीने बसली आणि म्हाताऱ्यांनी एकेक घर पुकारायला सुरुवात केली.

एकेक जण उठत होता. नारळ फुटत होते. काकांचं घर आलं, काका उठून नारळ देऊन आले. आणि लगेच पुढे, मध्ये श्वासही न घेता, म्हाताऱ्यांनी बाबांचं नाव घेतलं. अगदी नेहमीच्या आवाजात, जसं दर वर्षी घेत आले तसं. मला काही पडलेलं नव्हतं असं मी वर म्हटलं आहे, ते त्या क्षणापर्यंतचं. मी नारळ घेऊन उठले.

तेवढ्यात मागून काका बोलले. "त्येंचा टप्पा आता मज्याकडं आला. घर मज्या घरात मिलवा."

म्हाताऱ्यांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोन म्हनतो?"

"तोच म्हनला. बोलवून सांगितलान मला, काल."

"खोटं आहे," मी म्हटलं. देवासमोर, सगळ्या गावासमोर, वडीलधाऱ्या माणसाला. "बाबा तुमच्याशी बोलत नाहीत. टप्पा मी तोडला आहे, हात बघा माझे."

काकांनी माझे हात बघितले नाहीत. खाली बघत राहिले. "मी देवासमोर खोटं बोलनार नाय पोरी," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्यांनी माझे हात बघितले. पण भाऊ भावाच्या वतीने देवासमोर शब्द देतो म्हटल्यावर त्यांना तो मोडता येत नव्हता. त्यांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

मी तशीच नारळ घेऊन निघाले. पूजा संपायची होती, प्रसाद व्हायचा होता, मी थांबले नाही. ती वाट मी कशी उतरले मला आठवत नाही, फक्त काय काय बोलायचं ते आठवतं. आजारी माणसाचा फायदा घेतला. कुंपण खाल्लं ते पुरलं नाही, आता नाव खाल्लं. काका वरून आले की त्यांच्या दारात उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायचं मी ठरवलं होतं, आणि पहिलं वाक्य म्हणून बघत होते.

घरात शिरले. काकू बाबांच्या पायाशी बसली होती, मला बघून उठली आणि बाहेर गेली. मी नारळ जमिनीवर आपटला. तो फुटला नाही, घरंगळत अंथरुणापाशी गेला.

"काकांनी वरती सगळ्यांसमोर खोटं सांगितलं," मी म्हटलं. "म्हणाले तुम्ही टप्पा त्यांना दिला."

"खोटा नाय," बाबा म्हणाले. "मीच दिला."

मला वाटलं आजाराने डोकं पण गेलं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मग ते सावकाश, एकेक शब्द ओठाच्या चांगल्या बाजूने ढकलत बोलले. काल मी कामावर असताना त्यांनी काकूकडून काकांना बोलावून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी. काका आले, उंबऱ्यातच उभे राहिले. बाबांनी त्यांना टप्पा घ्यायला सांगितलं आणि मला यातलं काही कळू द्यायचं नाही असं बजावलं.

"का?" मी ओरडले. "एवढं मरमर तोडून घेतलंत माझ्याकडून, ते का मग? आधी सांगायला काय झालं होतं?"

"आदी कललं नवतं."

"काय कळलं नव्हतं?"

"तू निजलीस ना," बाबा म्हणाले, "का तुजा हात चालतो. निजेत. रोज बघतो मी. असा." आणि त्यांनी डावा हात अंथरुणाजवळ, अगदी खाली, जमिनीलगत एकदा फिरवला. मग पुन्हा. "आक्खी रात तोडतेस गो."

मी खाली बसले. मला राग आला होता तो तसाच होता. न विचारता दिला म्हणून राग, त्या माणसाला दिला म्हणून राग, माझं तोडलेलं एका शब्दात दुसऱ्याच्या नावावर गेलं म्हणून राग. आणि त्या रागाच्या खाली इतकं हलकं वाटलं, इतकं सुटल्यासारखं वाटलं, की त्याची मला लाज वाटली.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"नाय म्हनाली असतीस."

म्हणाले असते. बाहेर माणसं गडावरून परत यायला लागली होती, शेजारी काकांचा खोकण्याचा आवाज आला, मग त्यांच्या घराचं दार लावल्याचा. बाबा म्हणाले, पड जरा. मी तिथेच, त्यांच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर आडवी झाले. पाय धुतले नव्हते, उपासाचं काही खाल्लं नव्हतं.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा कुशीवर, कसेबसे अंथरुणाच्या काठापर्यंत सरकून आले होते, आणि त्यांचा तो एकच चालणारा हात माझ्या उजव्या मनगटावर होता. मी हळूच सोडवायला बघितला तर सुटेना. झोपेतसुद्धा त्यांनी तो घट्ट दाबून धरला होता.